सात तुकड्यांचा बेवड

आमच्या शेताची नोंद माझ्या फोनमध्ये होती. सात ओळी आणि एक रकाना. प्रत्येक ओळीला एक आकडा, आकड्यापुढे त्या तुकड्यात उभं असलेलं पीक. पीक बदललं की जुना शब्द पुसायचा आणि नवा लिहायचा. सिंगापूरला येण्याआधी मी पुण्यात एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करत असे. तिथली पहिली शिकवण अशी होती की पानाची जुनी प्रत टेबलावर ठेवायची नाही, चुकून तीच छापायला जाते. शेवटची प्रत तेवढी खरी. मी शेतालाही तोच नियम लावला. तो तिथे चालत नाही हे कळायला टोमॅटोचं एक पीक जावं लागलं.

शेत जुन्नरच्या पूर्वेला, कालव्याच्या पाण्याखाली. चार एकर, सात तुकडे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ते कधी एका पिकाखाली घातलं नाही. बाजरी आणि भुईमूग, त्यामागून हरभरा, गहू, कांदा. एका तुकड्यात टोमॅटो, एकात दसरा-दिवाळीचा झेंडू, आणि जिथे दीड-दोन महिने जमीन मोकळी सापडेल तिथे मेथी नाहीतर कोथिंबीर. त्यामुळे घरात बारा महिने काहीतरी निवडायचं, वाळवायचं, झोडपायचं असे. लहानपणी आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. उसाच्या घरातली मुलं सुट्टीत मोकळी असत. आमच्या सुट्ट्या शेंगा तोडण्यात जात.

सिंगापुरात क्लेमेंटीला राहायला आल्यावर वडिलांचा आणि माझा रोजचा फोन सुरू झाला. इथे सकाळचे साडेआठ, तिथे सहा. मी घरातून निघून स्टेशनाकडे चालू लागायची, ते बांधावर पोचलेले असायचे. माझं ऑफिस जुरोंग ईस्टला, म्हणजे पुढचंच स्टेशन; एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून बोलावं एवढा वेळच नसे. म्हणून मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून बोलायची आणि गाड्या सोडायची. तीन गाड्या म्हणजे बोलणं थोडक्यात झालं. सहा म्हणजे काहीतरी बिघडलेलं होतं.

"लिही," ते म्हणायचे. "एक नंबरातला कांदा काढला. तिथे आता काही नाही."

"काही नाही असं लिहू?"

"मोकळं लिही. काही नाही म्हटलं की वाईट वाटतं."

आकडे मी दिले होते. ते तुकड्यांना नावांनी ओळखत: विहिरीचा, चिंचेचा, टेकाडी, शाळेमागचा, लांबट, दगडाचा, ओढ्याकडचा. माझ्यासाठी ते आकडे पाठ करून बोलत आणि अधूनमधून चुकत. मी दुरुस्त केलं की म्हणत, "तुझा पेपर, तुझं खरं." आपल्या आवाजाची चिठ्ठी पाठवणं त्यांना कधी आवडलं नाही. यंत्राशी काय बोलायचं, समोरून हुंकार नको का, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या बोलण्यातलं कुठेच काही साठलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत वडील गेले. आई एकटी राहिली, आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते. तिला मी लाँग टर्म पासवर, म्हणजे लांब मुदतीच्या परवान्यावर, इथे आणलं. शेत चुलतभावाकडे वाट्याने दिलं. ओढ्यापलीकडे त्याचं स्वतःचं रान आहे, सगळा ऊस. वयाने तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कष्टाळू आणि बोलायला रोखठोक. कुठे काय लावायचं ते मी सांगायचं, लावायचं त्याने, असं ठरलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने विचारलं, "ताई, टोमॅटो कुठं लावू?"

आई तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होती. मी फोनमधली नोंद उघडली. एक नंबर, विहिरीचा: मेथी. पाणी जवळ, जमीन भुसभुशीत, मेथी निघून मोकळी झालेली. मी म्हटलं, विहिरीच्यात लाव.

रोपं हातभर झाली आणि सुकू लागली. आधी शेंडे, मग उभं झाड. पाणी कमी नव्हतं. चुलतभावाने फोटो पाठवले, ते मी घरी परतलेल्या आईला दाखवले. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि लांब केला.

"मर आहे ही," ती म्हणाली. "विहिरीच्यात कशाला लावले?"

"तिथे मेथी होती ना."

"मेथी चाळीस दिवसांची पाहुणी. तिच्याआधी तिथे आप्पांचे टोमॅटोच होते. टोमॅटोच्या बेवडावर टोमॅटो लावतं का कोणी?"

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि कधी लिहून घेतला नव्हता. जमिनीत आधी जे पीक होऊन गेलं, त्याचा पुढच्या पिकासाठी मागे राहिलेला गुण किंवा दोष म्हणजे बेवड. हरभऱ्याचा, भुईमुगाचा बेवड चांगला. ज्वारीचा जड. टोमॅटोच्या जागी तीन वर्षं टोमॅटो नाही, वांगं नाही, मिरची नाही. वडील रोज सकाळी मला शेतात काय आहे ते सांगायचे. काय होतं ते त्यांच्या डोक्यात असे. मी मेथी लिहिताना टोमॅटो पुसला होता.

"मला विचारायचं," आई म्हणाली.

"तू इस्पितळात होतीस."

"गुडघे कापले होते. तोंड नव्हतं कापलं."

यंदा एप्रिलच्या शेवटी चुलतभावाचा फोन आला. रविवार होता. आई जेवणाच्या टेबलाशी बसून गवार मोडत होती. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"ताई, एक इचारायचंय. राग मानू नको."

"बोल."

"औंदा सगळ्या रानात ऊस लावू का? तुझं इथं लाव, तिथं लाव, असं फोनवर नाही जमत. मागल्या साली लोकं हसली मला. टोमॅटोवर टोमॅटो लावला म्हणून. शेंबडं पोरगं असं करत नाही."

"चूक माझी होती."

"तुला कोण हसतंय? तू सिंगापूरला. बांधावर मी उभा." मग तो म्हणाला, "ऊस एकदा लावला की सुटलो. जुलैत आडसाली लावायचा, दीड वर्षानं तोड, मग त्याच बुडख्यांचा खोडवा. तीन वर्षं बघायला नको. बेणं घरचं आहे."

आईने गवार मोडणं थांबवलं नव्हतं. ती फोनकडे न बघता म्हणाली, "आणि बिबट्याला कोण सांभाळणार?"

"काकू, तो माझ्या उसात हाईच की. त्याला दुसरं घर व्हईल."

"दिवाळीला मी यायचं म्हणतेय. डॉक्टर हो म्हणालाय. चार महिने राहीन. तिथे येऊन मी काय करू? उसात माणसाला काम नसतं. उभं राहिलं तर पलीकडचं माणूस दिसत नाही."

चुलतभावाच्या मागे मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"मग असं करा," तो शेवटी म्हणाला. "मला सात तुकड्यांचा बेवड सांगा. मागल्या सालचा मला पाठ आहे. त्याच्याआधीची दोन सालं सांगा. नक्की सांगा, अंदाज नको. मिरगाच्या आधी सांगितलं तर पेरतो आप्पांसारखं. नाहीतर ऊस."

फोन बंद झाल्यावर आई म्हणाली, "बरोबर बोलतोय तो." गवारीच्या शिरा गोळा करून तिने कागदात बांधल्या आणि उठताना टेबलाला धरलं. इथे आल्यापासून दिवाळीला परत जायचं हे वाक्य ती रोज कोणत्या ना कोणत्या निमित्ताने बोलत असे. त्या संध्याकाळी ती ते बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर सात ओळी आखल्या. या वेळी रकाने सहा काढले. दोन वर्षं, वर्षाला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. बेचाळीस चौकोन, सगळे रिकामे. जुना फोन मी नवा घेताना दुकानात देऊन टाकला होता.

आईला विचारलं, "दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चार नंबरात काय होतं?"

"चार नंबर म्हणजे कुठला?"

"शाळेमागचा."

"मग तसं म्हण ना."

मी आकडे खोडले आणि नावं लिहिली. तरीही तिला वर्षांवरून काही सांगता येईना. अमुक साल म्हटलं की ती छताकडे बघायची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रश्न चुकीचा आहे. बातमीदाराने साक्षीदाराला तारीख विचारू नये, त्या दिवशी तो काय करत होता ते विचारावं. हे मी शिकाऊ पोरांना सांगत असे. मी विचारलं, "त्या पावसाळ्यात तुझ्या पुतणीच्या साखरपुड्याला पाहुणे आले तेव्हा त्यांना काय खायला दिलं होतंस?"

"शेंगा उकडल्या होत्या. ओल्या, मीठ घालून. दोन घमेली."

"कुठल्या शेंगा?"

"टेकाडीच्या. पावसात टेकाडीवरच जाता येत होतं, बाकी सगळीकडे चिखल. पाहुण्यांमधली एक बाई म्हणाली, एवढ्या गोड शेंगा मी खाल्ल्या नाहीत. मग जाताना तिने पिशवीभर मागितल्या." आई हसली. "मी तिला पिशवी दिली ती फाटकी."

टेकाडी, पावसाळा: भुईमूग.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. मी ऑफिसातून आले की चहा, आणि चहाबरोबर दोन-चार चौकोन. कोणाच्या बाळंतपणात मेथीचे लाडू कुठल्या मेथ्यांचे, कुठल्या दिवाळीत झेंडू उतरवताना वडिलांना गांधीलमाशी चावली, कुठल्या उन्हाळ्यात लांबट तुकड्यातला कांदा घरात मावेना म्हणून माझ्या माहेरपणाच्या खोलीत भरला आणि मी आठ दिवस कांद्याशेजारी झोपले. हे मला आठवत होतं. वासामुळे मी चिडले होते, आणि वडील म्हणाले होते, "तुझ्या सिंगापूरला एवढा कांदा कोणाच्या खोलीत आहे का सांग." मी लिहिलं, लांबट, उन्हाळा: काढलेला कांदा, म्हणजे हिवाळ्यात लावलेला.

फोटोंचाही उपयोग झाला. माझ्या नवऱ्याचा एक फोटो होता, तीन वर्षांपूर्वीचा, जावयाला शेत दाखवण्याच्या पहिल्या खेपेचा, चिंचेखाली हात बांधून उभा. नवरा मुंबईचा, बँकेतला. त्याला स्वतःला मागे काय आहे ते सांगता येईना. आईने त्याच्या खांद्यामागे बोट ठेवलं. तिथे बांबूच्या काठ्यांची रास होती.

"टोमॅटोच्या काठ्या. आप्पा ज्या तुकड्यातून काठ्या काढायचे त्याच्याच बांधावर ठेवायचे. चिंचेच्यात टोमॅटो होते त्या साली."

"मी तिथे उभा होतो आणि मला माहीत नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही बुटाला चिखल लागू नये म्हणून उभे होतात," आई म्हणाली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला गेलो. तिथे माझी एक मैत्रीण राहते, पुण्याचीच. वडिलांच्या शेवटच्या दिवाळीच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन आमच्या शेतावर दोन दिवस राहिली होती आणि तिने व्हिडिओ काढले होते. आईचा नवा गुडघा, त्यामुळे आम्ही टॅक्सी केली. मैत्रिणीने व्हिडिओ टीव्हीवर लावला. पडद्यावर वडील आले. डोक्याला टॉवेल, हातात विळा. ते कॅमेऱ्याला दगडाचा तुकडा दाखवत होते, आणि मागे मैत्रिणीची मुलगी झेंडूत उभी राहून नाचत होती.

आई खुर्चीत पुढे सरकली. वडील काय बोलताहेत ते वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. व्हिडिओ संपल्यावर तिने विचारलं, "परत लावता येतो का?" मैत्रिणीने चार वेळा लावला. चौथ्या वेळी आई म्हणाली, "दगडाच्यात झेंडू. आणि त्यांच्या डाव्या अंगाला विहिरीचा, तिथे टोमॅटो दिसतोय शेवटचा. लिहिलंस का?"

मी लिहिलं होतं. जो पुसून मी मेथी लिहिली होती, तो हाच टोमॅटो.

मैत्रिणीची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. ती खोलीतून बाहेर आली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "ओह, दॅट फार्म. आय एट वन टोमॅटो देअर. सो सावर, लाह."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"टोमॅटो आंबट होता म्हणते."

"असणारच. शेवटचा बहर," आई म्हणाली, आणि मुलीकडे बघून मान हलवली. साक्ष पटली होती.

महिना संपत आला तेव्हा कागदावर सहा ओळी भरल्या होत्या. काही चौकोनांत मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, पण टोमॅटो, वांगं, मिरची कुठे कुठे होती एवढं सहा तुकड्यांपुरतं नक्की होतं. सातवी ओळ ओढ्याकडची. ती पूर्ण रिकामी होती. त्या तुकड्याशी कोणाचं लग्न, बाळंतपण, पाहुणा काहीच जोडलेलं नव्हतं. तो सर्वांत लांब, उतारावर, तिकडे कोणी फोटो काढायला गेलं नव्हतं. आईने सांगितलं की शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे ती तिथपर्यंत चालूच शकली नाही. वडील एकटे जायचे.

"बाजरी असेल," मी म्हटलं. "उतारावर ते बाजरीच करायचे."

"असेल म्हणजे?"

"बहुतेक."

"त्याने सांगितलंय, अंदाज नको."

मला बाजरी लिहायची होती. सहा तुकडे भरलेले असताना सातव्यासाठी सगळं अडावं हे पटत नव्हतं. आणि एका तुकड्याच्या मोकळ्या ओळीवरून चुलतभाऊ सगळ्याच कागदावर शंका घेईल अशी भीती होती. डेस्कवर असताना मी दुसऱ्याच्या प्रतीतलं 'बहुतेक' कधी तसंच जाऊ दिलं नाही. इथे माझ्या हातात पेन होतं.

आई कागदाकडे बघत होती. मग ती म्हणाली, "ताग सांग त्याला."

"तिथे ताग होता?"

"होता का नव्हता कोणाला ठाऊक. आता पेरायला सांग. आप्पांनी पडीक घेतलेल्या रानात पहिल्या साली तागच केला होता. फुलावर आला की नांगरून गाडायचा, त्याचंच खत होतं. मागचं काही असलं तरी चालतं. पुढे कांदा चांगला येतो."

जून लागायला चार दिवस होते. मी चुलतभावाला कागदाचा फोटो पाठवला आणि फोन केला. तो एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला. चिंचेच्या तुकड्यापाशी म्हणाला, "हां, काठ्या होत्या, मला बी आठवतंय." दगडाच्या ओळीला म्हणाला, "झेंडू, बरोबर." मग सातवी ओळ आली.

"ओढ्याकडचा. आधीचं माहीत नाही. ताग." तो थांबला. "माहीत नाही असं लिहिलंय?"

"माहीत नाही म्हणून."

"बाजरी लिहिली असती तर मला काय कळणार होतं?"

"लिहिणार होते," मी म्हटलं.

तो हसला. "काकूंनी लिहू दिली नसंल." मग आवाज बदलून म्हणाला, "तागाचं बी बघतो कुठं मिळतंय. आता कोणी ठेवत नाही."

"मग ऊस?"

"ऊस माझ्या रानात हाय. काकूंना सांग, एक साल बघू."

आई शेजारीच होती. "एक साल बघू म्हणे," तिने मला सांगितलं, जसं काही मी ऐकलंच नव्हतं.

जुलैच्या अखेरीस त्याने ओढ्याकडच्या तुकड्याचा फोटो पाठवला. ताग छातीएवढा झाला होता, पिवळ्या फुलांचा. मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून तो पाहिला आणि एक गाडी सोडली. संध्याकाळी घरी आल्यावर आईला दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, फुलं बघितली नाहीत, बांधाची कड बघितली.

"पाणी कुठून घेतोय ते दिसत नाही," ती म्हणाली. "लाव त्याला फोन."

फोन लागल्यावर ती मला बोलू न देता म्हणाली, "या आठवड्यात गाड. आठ दिवस गेले तर दांडे निबर होतील. आणि सप्टेंबरात कांद्याचं रोप टाक. लावणीला मी आहे तिथे, मला बांधावर खुर्ची लागेल."

"खुर्ची देतो की काकू. पण ओढ्यापतूर चालणार का तुम्ही?"

"क्लेमेंटीच्या बाजारापर्यंत चालते रोज. तुझा ओढा काही त्याच्यापेक्षा लांब नाही."

त्यांचं बोलणं चालू असताना मी कागद काढला. सातव्या ओळीत 'माहीत नाही' तसंच ठेवलं. त्याच्या उजवीकडे नवा रकाना आखला आणि त्यात ताग लिहिला.